बाळ अंगावर पीत असताना औषध घेण्याची वेळ आली तर: क्रमाने काय करावे आणि नेमके कुठे चुकते

अंगावर पाजणाऱ्या आईला ताप आला, टाके दुखू लागले किंवा रक्तदाबाची गोळी सुरू झाली, की घरात बहुधा पहिला निर्णय दूध बंद करण्याचा होतो आणि डॉक्टरांना विचारणे दोन-तीन दिवसांनी घडते. तोवर बाळाला बाटलीची सवय लागलेली असते, आईचे स्तन दाटलेले असतात आणि ज्या गोळीपायी हे सारे केले ती पुष्कळदा दूध न थांबवताही चालणारी निघते. याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते. बाळाला बाधेल या धास्तीने आई थायरॉईडची, रक्तदाबाची, प्रसंगी क्षयरोगाची औषधे कोणालाही न सांगता सोडून देते. पुढच्या सगळ्या टप्प्यांना म्हणून एक नियम लागू आहे: विचारल्याखेरीज दूधही थांबवायचे नाही आणि औषधही.

येथील माहिती पूर्ण दिवसांच्या आणि एरवी निरोगी असलेल्या बाळांना धरून दिली आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याला कावीळ असेल किंवा हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर साधी वाटणारी गोळीही बालरोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावी.

टप्पा १: आजारी पडण्याआधीची तयारी

एका कागदावर, किंवा माता-बाल संरक्षण कार्डाच्या कोऱ्या पानावर, पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात: बाळाची जन्मतारीख, ते कितव्या आठवड्यात जन्मले, जन्माचे आणि अलीकडचे वजन, चोवीस तासांत ते किती वेळा पिते, वरचे दूध चालू आहे का. आईच्या बाजूने चालू गोळ्या मिलिग्रॅमसह, ज्या औषधाची पूर्वी ॲलर्जी झाली त्याचे नाव, आणि रक्तदाब, साखर, दमा, पोटातील व्रण यांपैकी काही असल्यास त्याची नोंद करावी.

आपल्या सातारा-सांगली भागात पहिले बाळंतपण माहेरी होते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. बाळंतपण मिरजेला झालेले असते, फाइल माहेरी कपाटात राहते आणि सव्वा महिन्यानंतर बाळंतीण कोरेगावला किंवा वडूजला सासरी येते. तिथल्या डॉक्टरांना सिझेरियन होते एवढेच कळते. कोणती इंजेक्शने दिली, गरोदरपणी रक्तदाब किती वाढला होता, हे कळत नाही. निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डाचे आणि शेवटच्या चिठ्ठीचे स्पष्ट फोटो आईच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये असावेत, नुसते भावाच्या मोबाइलमध्ये असून उपयोग नाही.

यादीतून हमखास सुटणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे काढे, कल्प आणि अरिष्टे. घरी दिलेले असल्यामुळे त्यांना कोणी औषध समजतच नाही, पण अरिष्टांमध्ये आंबवण्याच्या क्रियेतून तयार झालेले मद्य असते. दुसरी मशेरी. सातारा-सांगलीच्या खेड्यांत अनेक बायका ती लावतात आणि विचारल्यावर सासूबाईंसमोर सांगत नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच असते. तिच्यातील निकोटीन दुधात उतरते, बाळाची झोप बिघडवते आणि दूधही कमी करू शकते. मशेरी सुटली तर उत्तम. सुटत नसेल तर निदान पाजून झाल्यावर लावावी, हात-तोंड स्वच्छ धुवावे आणि त्यापायी दूध मात्र तोडू नये.

तपासा: यादीत मलमे, बाम, डोळ्यांचे थेंब आणि गर्भनिरोधक गोळ्या लिहिल्या आहेत का?

टप्पा २: औषध लागतेच का, हे आधी ठरवा

स्तनपानातील बऱ्याच तक्रारींचे मूळ बाळाने स्तन नीट तोंडात न धरण्यात असते. ते न तपासता गोळी घेतली तर दुखणे दोन दिवस दबते आणि पुन्हा उभे राहते. बाळाने तोंड मोठे उघडलेले असावे, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा, आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठाकडे जास्त, खालच्या ओठाकडे कमी दिसावा. पिताना टचटच आवाज येत असेल, गालांना खळी पडत असेल किंवा सोडल्यानंतर स्तनाग्र चपटे दिसत असेल, तर पकड चुकली आहे. अशा वेळी बाळाला ओढू नये. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. उपकेंद्रातील सिस्टर किंवा आशाताई यांना प्रत्यक्ष पाजताना बघायला सांगितले तर चूक पाच मिनिटांत सापडते. तोंडी वर्णनावरून ती सापडत नाही.

*स्तनाग्राला चिरा.* पकड सुधारणे हाच मुख्य उपाय आहे. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचा थेंब लावून वाळू द्यावा आणि साबण टाळावा. हळद-तेलाचा लेपही नको. सांगलीची हळद कितीही नावाजलेली असली तरी प्रत्येक वेळी पाजण्याआधी ती पुसावी लागते आणि त्या घासण्यानेच चीर वाढते. पाजून झाल्यावरही आत खोल जळजळ होत असेल आणि बाळाच्या तोंडात न पुसले जाणारे पांढरे डाग असतील, तर बुरशीची शंका घ्यावी. उपचार त्या वेळी आई आणि बाळ दोघांनाही एकदम लागतात.

*दूध दाटणे.* तिसऱ्या ते पाचव्या दिवशी स्तन जड आणि ताठ होणे अपेक्षितच असते. पाजण्याआधी हाताने थोडे दूध काढून काळसर भाग मऊ करावा, म्हणजे बाळाला धरता येते. पाजून झाल्यावर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. बाळाच्या गरजेपेक्षा जास्त दूध पुन्हा पुन्हा काढत राहिले की शरीर तेवढे जास्त दूध तयार करते आणि दाटणे थांबतच नाही.

*दुखरी गाठ, लाली, ताप.* येथे सर्वांत मोठे नुकसान जोरदार चोळण्याने होते. गाठ फोडायची म्हणून मालिशवाली बाई दोन्ही अंगठ्यांनी दाबते, त्याने सूज आणखी वाढते आणि आतल्या ऊतींना इजा होते. हात हलका ठेवावा, थंड शेक द्यावा, त्या बाजूने पाजणे चालू ठेवावे आणि वेदनाशामक घ्यावे. चोवीस तासांत उतार पडला नाही, ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेला किंवा आईला हुडहुडी भरून गळल्यासारखे वाटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी दिली जाणारी नेहमीची प्रतिजैविके अंगावर पाजताना चालतात आणि ते दूध बाळाला बाधत नाही. दूध अचानक थांबवल्यास उलट पू धरण्याची शक्यता वाढते.

*दूध पुरत नाही अशी शंका.* बाळाचे रडणे किंवा स्तन मऊ लागणे हे दूध कमी असल्याचे मोजमाप नव्हे. साधारण सहा आठवड्यांनंतर स्तन मऊ लागणे स्वाभाविकच आहे. मोजमाप दोनच आहेत, शू आणि वजन. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची शू होत असेल, दोन आठवड्यांपर्यंत जन्माचे वजन भरून आले असेल आणि पुढे रोज सरासरी २० ते ३० ग्रॅमने वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. पाणी, गुटी, मध यांपैकी काहीही सहा महिन्यांपर्यंत देऊ नये. मध तर वर्षभर नको.

इशारा: दूध वाढवण्यासाठी डॉम्पेरिडोनची गोळी शेजारणीच्या सल्ल्याने घेऊ नये. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्या, किंवा तशा परिणामाची दुसरी औषधे घेणाऱ्या बाईला ती धोक्याची ठरू शकते. पित्तासाठी लिहून दिलेल्या कित्येक कॅप्सूलमध्ये ती आधीच मिसळलेली असते, हेही ध्यानात ठेवावे.

टप्पा ३: डॉक्टरांना विचारण्याची पद्धत

“हे औषध चालेल का?” एवढ्या प्रश्नाला घाईच्या ओपीडीत “चालेल” किंवा “दूध बंद ठेवा” एवढेच उत्तर मिळते. प्रश्न असा मांडावा: “डॉक्टर, माझं बाळ दीड महिन्याचं आहे, फक्त अंगावर पितं. या गोळीने दूध थांबवावं लागेल का? लागत असेल तर याच आजारावर न थांबवता चालणारी दुसरी गोळी आहे का? बाळात काय दिसलं तर कळवू?” हे तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारले की बहुतेक वेळा पर्याय निघतो.

वय सांगणे महत्त्वाचे असण्याचे कारण असे की, आईच्या औषधांमुळे बाळांना झालेले त्रास मुख्यतः पहिल्या दोन महिन्यांतील बाळांत आढळतात. नवजात बाळाचे यकृत आणि मूत्रपिंड औषध सावकाश बाहेर टाकतात. सहा महिन्यांपुढे बाळ वरचे खाऊ लागते आणि धोका आणखी कमी होतो. औषध दुधात उतरते की नाही यापेक्षा किती उतरते हा खरा प्रश्न असतो. आईला किलोमागे मिळणाऱ्या मात्रेच्या तुलनेत बाळाला दुधातून किलोमागे मिळणारी मात्रा दहा टक्क्यांखाली असेल, तर ते औषध सामान्यतः स्वीकारार्ह मानले जाते. आयब्युप्रोफेनच्या बाबतीत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. इन्सुलिनचा रेणू मोठा असतो आणि दुधातून थोडे गेले तरी ते बाळाच्या पोटात पचून जाते. पाकिटातील कागदावर “स्तनदा मातांनी टाळावे” असे छापलेले असते, पण ते कंपनी पुष्कळदा कायदेशीर खबरदारी म्हणून छापते. तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी ‘लॅक्टमेड’ हा विनामूल्य माहितीसंग्रह आहे, त्यात औषधाच्या नावाने दोन मिनिटांत पाहता येते. शंका असल्यास तशी विनंती करायला संकोच वाटू देऊ नये.

कायमच्या औषधांविषयी थोडक्यात सांगायचे तर थायरॉक्सिन, इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन चालतात. रक्तदाबासाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि एनालाप्रिल ही स्तनपानात वापरली जाणारी औषधे आहेत, आणि बाळंतपणानंतरचा रक्तदाब अंगावर काढणे जिवावर बेतू शकते. क्षयरोगाची पहिल्या फळीतील औषधे चालू ठेवून पाजता येते. बाळाला स्वतंत्र प्रतिबंधक औषध लागते का, हे आरोग्य केंद्रात विचारावे. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर सर्ट्रालिन अनेकदा पहिली पसंती असते. कुत्रा चावल्यास रेबीजची लस लगेच घ्यावी, पाजणे थांबवण्याची गरज नाही. एक्स-रेने दूध बिघडत नाही. भूल दिल्यानंतरही आई पूर्ण शुद्धीवर येऊन बाळ धरण्याइतपत सावरली की सामान्यतः पाजता येते.

गर्भनिरोधकांचा प्रश्न बाळंतीण लाजेने विचारत नाही, म्हणून येथे सांगणे भाग आहे. इस्ट्रोजेन असलेल्या एकत्रित गोळ्या, सरकारी केंद्रातील ‘माला-एन’ त्यांतलीच, सहा महिन्यांपर्यंत टाळाव्यात, कारण त्यांनी दूध कमी होऊ शकते. इस्ट्रोजेन नसलेली ‘छाया’ गोळी, तांबी आणि सहा आठवड्यांनंतर ‘अंतरा’ इंजेक्शन हे पर्याय पाजणाऱ्या आईला उपलब्ध आहेत आणि सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात.

टप्पा ४: मेडिकलच्या काउंटरवर

सर्वाधिक चुका येथे होतात. विट्याच्या किंवा फलटणच्या कोणत्याही मेडिकलसमोर संध्याकाळी उभे राहिले तर दिसते: नवरा दुचाकी चालूच ठेवतो, एक पाय जमिनीवर टेकवून ओरडतो, “दादा, सर्दीची एक पट्टी द्या.” पट्टी कापली जाते, सुट्टे पैसे परत येतात. कोणासाठी, हे दादाने विचारलेले नसते आणि याने सांगितलेले नसते. पहिले वाक्य असे असायला हवे: “बाळंतिणीसाठी पाहिजे, बाळ अंगावर पितंय.”

यानंतर पट्टीच्या मागची बाजू वाचावी. समोर ठळक छापलेले नाव कंपनीचे असते. औषधे मागे बारीक अक्षरांत असतात, आणि सर्दीच्या गोळीत ती तीन-चार निघतात. नेमके तेवढे अक्षर कापून घेतलेल्या अर्ध्या पट्टीवर नसेल, तर पूर्ण पट्टी मागून त्यावरून वाचून घ्यावे.

- फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असल्यास ती गोळी टाळावी. नाक मोकळे करणाऱ्या औषधांनी दूध कमी होऊ शकते; स्यूडोएफेड्रिनच्या बाबतीत एकाच मात्रेनंतर ही घट मोजली गेली आहे. मिठाच्या पाण्याचे नाकात घालण्याचे थेंब आणि वाफ पुरेशी असते.
- क्लोरफेनिरामिनने आई आणि बाळ दोघेही पेंगुळतात. शिंका किंवा खाज असल्यास सेटिरिझिन किंवा लोराटाडिन अधिक बरे.
- कोडिन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉल मिसळलेली वेदनाशामक गोळी नको. काही स्त्रियांच्या शरीरात त्यांचे रूपांतर फार वेगाने होते आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये पाजणाऱ्या मातांनी ही दोन्ही टाळावीत, असा इशारा दिला. सिझेरियननंतरच्या चिठ्ठीत ट्रामाडॉल दिसल्यास डॉक्टरांना पर्याय विचारावा.
- निमेसुलाइड हे वेदनाशामक टाळावे. भारतात १२ वर्षांखालील मुलांना ते देण्यावर २०११ पासून बंदी आहे. दुखण्यासाठी ॲस्पिरिनही नको.

ताप आणि अंगदुखीसाठी साधे, एकटे पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम हा पहिला पर्याय आहे. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास असावेत. टाक्यांच्या दुखण्यासाठी किंवा स्तनाच्या सुजेसाठी जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम चालते, मात्र पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असल्यास आणि पावसाळ्यात डेंग्यूची शंका असल्यास ते घेऊ नये.

प्रतिजैविके दुकानातून स्वतःहून घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेली ॲमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन किंवा ॲझिथ्रोमायसिन ही पाजताना चालतात. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन मिळाले आणि बाळ महिन्याच्या आतील असेल, तर ते वय पुन्हा एकदा डॉक्टरांच्या कानावर घालावे. मेट्रोनिडॅझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या कोर्समध्ये पाजणे चालू ठेवता येते. २ ग्रॅमची एकच मोठी मात्रा दिल्यास काही तास थांबायचे का, हे विचारावे.

इशारा: बाम किंवा वेदनेचे मलम छातीवर, बाळाचे नाक टेकते तिथे, लावू नये.

टप्पा ५: गोळीची वेळ बसवणे

रक्त आणि दूध यांतील औषधाची पातळी शेजारच्या दोन विहिरींसारखी असते: एकीत वाढली की दुसरीत चढते, पहिलीत उतरली की दुसरीतही उतरते. रक्तातील औषध उतरले की दुधातील आपोआप उतरते. दूध पिळून टाकल्याने ते लवकर उतरत नाही. म्हणून “आधीचे दूध काढून टाकून मग पाजा” हा सल्ला बहुतेक औषधांना लागू नाही.

दिवसातून एकदाच घ्यायची गोळी बाळाच्या सर्वांत लांब झोपेच्या आधी पाजून लगेच घ्यावी. दिवसातून तीनदा असल्यास प्रत्येक वेळी पाजल्यानंतर घ्यावी. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते, तिथे हे गणित दर वेळी जमणार नाही, आणि चालणाऱ्या औषधांत ते जमले नाही म्हणून बिघडतही नाही. भुकेलेल्या बाळाला घड्याळ दाखवून रडवत ठेवू नये.

टप्पा ६: औषध सुरू झाल्यावर बाळाकडे लक्ष

पहिली मात्रा घेण्याआधी बाळ एरवी किती झोपते, किती वेळा पिते, शी कशी होते हे पाहून ठेवावे, नाहीतर नंतरचा फरक कळत नाही. आई प्रतिजैविक घेत असताना बाळाची शी थोडी पातळ होणे किंवा तोंडात बुरशी येणे शक्य आहे. एवढ्याने औषध सोडू नये, डॉक्टरांना कळवावे.

लगेच दवाखाना: बाळ उठवूनही पिण्यासाठी जागे होत नाही, अंग सैल पडते, श्वास फार संथ किंवा फार वेगाने चालतो, ओठ निळसर दिसतात किंवा शू अचानक कमी होते, अशा वेळी पुढची गोळी न घेता निघावे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा आणि गोळीची पट्टी बरोबर न्यावी. पाटण किंवा जावळीच्या वाड्यांवरून खाली यायला वेळ लागतो, त्यामुळे तिथे “सकाळपर्यंत बघू” असे म्हणू नये.

टप्पा ७: दूध खरोखरच थांबवावे लागले तर

अशी औषधे मोजकी आहेत. कर्करोगाची बहुतेक रसायने आणि उपचारासाठी दिलेले किरणोत्सारी आयोडीन ही त्यांतील ठळक उदाहरणे. किरणोत्सारी आयोडीन घ्यायचे असल्यास त्या बाळापुरते स्तनपान उपचाराच्या कित्येक आठवडे आधी कायमचे बंद करावे लागते, म्हणून तारीख घेण्यापूर्वीच हे ठरवावे. लिथियम (मानसिक आजारासाठी) आणि ॲमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांसाठी) यांच्याबाबत तज्ज्ञांच्या देखरेखीखेरीज पाजू नये.

थांबणे तात्पुरते असेल, तर किती तास किंवा किती दिवस, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावे. “काही दिवस” हे उत्तर घरी आल्यावर दूध तुटेपर्यंत लांबते. आधी कल्पना असल्यास स्वच्छ हातांनी दूध काढून साठवावे: घरात २५ अंशांपर्यंत चार तास, फ्रिजच्या आतल्या भागात चार दिवस. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये खोली २५ अंशांवर राहत नाही, तेव्हा काढलेले दूध सरळ फ्रिजमध्ये जावे. बाळाला ते वाटी-चमच्याने द्यावे, बाटलीने नव्हे.

थांबलेल्या काळात बाळ जितक्या वेळा पीत असे तितक्या वेळा, रात्री एकदा धरून, दूध काढत राहावे. हे टाकायचे दूध असले तरी ते काढल्यानेच पुढचे तयार होते आणि स्तनही दाटत नाहीत. पुन्हा सुरू करताना बाळ भुकेने रडत असताना नव्हे, तर अर्धवट झोपेत असताना, दोघांच्या अंगावर कमीत कमी कपडे ठेवून उराशी घ्यावे आणि स्तनाग्रावर दुधाचा थेंब काढून लावावे. पहिल्या दिवशी नाकारले तरी त्या दिवशीचे दूध वाटीने पाजून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून पाहावे, आणि वजन नीट वाढते आहे अशी खात्री होईपर्यंत दर आठवड्याला उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत नेऊन बाळाचे वजन करावे.